प्रजेला राज्य देणारे राजे

राज्य मिळविण्यासाठी प्राण पणाला लावणारे राजे इतिहासात पुष्कळ आढळतात. गेलेल्या राज्यासाठी झुरणारेही थोडे नाहीत. परंतु हाती असलेली सत्ता आपण होऊन प्रजेच्या स्वाधीन करणारा राजा विरळा! औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे असे राजे होऊन गेले.

हे औंध पुण्याजवळचे नव्हे. सातारा जिल्ह्यात यमाईदेवीच्या डोंगरापाशी ते वसलेले आहे. छत्रपतींचे प्रतिनिधी म्हणून काम केलेल्या घराण्याकडे हे संस्थान वंशपरंपरेने चालत आले होते. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे. आणि ती गावेही दूरदूर विखुरलेली. शिवाय वर इंग्रज सरकारची सत्ता होतीच.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी पदवी मिळविली. १९०९ साली ते गादीवर आले. त्यांची राहणी नियमित होती. ते रोज पहाटे सूर्यनमस्कार घालीत आणि शाळांतील मुलामुलींनाही त्यांनी तो व्यायाम लावून दिला. ते उत्तम चित्रकार होते, कीर्तनही सुरेख करीत. जमविलेल्या कलावस्तू स्वतःच्या वाड्यात न ठेवता त्यांनी त्यांसाठी औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले.

माणसांवर विश्वास टाकणे हा त्यांचा मोठा गुण होता. लोखंडी नांगर बनविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील आपल्या कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी १९१० साली त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पण त्यांच्या विश्वासाची खरी कसोटी पुढेच होती. १९३८ च्या सुमारास अनेक संस्थानांतील प्रजा राज्यकारभारात वाटा मागत होती आणि त्यासाठी तुरुंगवास सोशीत होती. बाळासाहेबांनी मात्र त्याच वर्षी सर्व अधिकार प्रजेला देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी या कामी पुढाकार घेतला. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटना सिद्ध झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अंमलात आली.

या घटनेत गाव हा राज्याचा पाया होता. गावकऱ्यांनी पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहावा आणि तेथून निवडलेल्या प्रतिनिधींनी संस्थानची विधानसभा चालवावी, अशी ही योजना होती. ज्या शेतकऱ्याने आजवर सरकारी हुकूम केवळ ऐकला होता, त्याला आता गावच्या शाळेचा आणि पाण्याचा विचार स्वतः करावयाचा होता. त्या काळी खेड्यांत शिकलेली माणसे थोडी होती. त्यांना कारभार पेलेल का, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. परंतु पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, तसेच राज्यकारभाराचेही आहे.

हाच विश्वास कैद्यांच्याही वाट्याला आला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत स्थापन झाली. तेथे उंच भिंती नव्हत्या की पायांत बेड्या नव्हत्या. कैदी शेती करीत व कुटुंबासह राहत. याच प्रयोगावरून पुढे १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला.

भारत स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांनी देह ठेवला. संस्थान गेले, परंतु स्वतंत्र भारताची घटना अंमलात येण्यापूर्वी तब्बल अकरा वर्षे औंधच्या खेडुतांनी आपला कारभार आपण चालविण्याचा धडा गिरविला होता. तो धडा त्यांना त्यांच्या राजांनीच घालून दिला होता.