स्नायूंचे इंधन

डेन्मार्क देशातील ग्रेनो या बंदराच्या गावी १५ नोव्हेंबर १८७४ रोजी ऑगस्ट क्रोग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जहाजे बांधीत. मुलाला मात्र निसर्गनिरीक्षणाचा नाद होता. पुढे कोपनहेगनच्या विद्यापीठात त्यांना क्रिश्चन बोर यांच्यासारखे गुरू लाभले. श्वासावाटे आत जाणारा प्राणवायू आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अचूक मोजण्याची विद्या त्यांनी येथेच हस्तगत केली.

१९०५ साली त्यांनी मारी या वैद्यकाच्या विद्यार्थिनीशी विवाह केला. संशोधनातही ही दोघे एकमेकांचे सोबती झाली. १९०८ मध्ये हे दांपत्य बर्फाच्छादित ग्रीनलंडला गेले. तेथील रहिवासी जवळजवळ केवळ मांसावर राहत. अशा आहारात शरीराचा व्यवहार कसा चालतो, हे त्यांना पाहावयाचे होते.

त्या काळी शास्त्रज्ञांत एक जुना वाद चालू होता. कष्ट करताना स्नायू कोणते इंधन वापरतात? काहींच्या मते फक्त शर्करा. चरबीचीही आधी शर्करा व्हावी लागते. इतर म्हणत, दोन्ही सारखीच उपयोगी. क्रोग यांनी वाद घालण्याऐवजी मोजमाप करण्याचे ठरविले. श्रम मोजता यावेत म्हणून त्यांनी जागीच उभी राहणारी एक सायकल तयार केली होती. तिच्या चाकाला विद्युत्-चुंबकाने हवा तेवढा अडथळा करता येई. सहकारी योहानेस लिंडहार्ड यांच्यासह ते काही माणसांना काही दिवस भरपूर स्निग्ध अन्न देत, तर काही दिवस भाकरी, बटाटे यांसारखे पिष्टमय अन्न देत. मग त्यांना त्या सायकलवर बसवून पॅडल मारावयास लावीत आणि त्यांच्या श्वासातील वायू मोजीत. शर्करा जळताना जितका प्राणवायू लागतो, तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चरबी जळताना तो कमी पडतो. या फरकावरून शरीरात काय जळत आहे, हे न पाहताही कळते!

१९२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्नायू दोन्ही इंधने वापरतात. परंतु तेवढ्याच कामासाठी चरबीवर सुमारे एक दशांश अधिक शक्ती खर्च होते. स्निग्ध आहारावरील माणसे कठीण श्रमांत लवकर थकत. याच वर्षी क्रोग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र दुसऱ्या शोधासाठी. विश्रांतीत मिटलेल्या अनेक केशवाहिन्या श्रमाच्या वेळी उघडतात, असे त्यांनी दाखविले होते.

आणि तेव्हाच घरावर संकट कोसळले. मारी यांना मधुमेह झाला. ज्या शर्करेवर स्नायू चालतात, ती त्यांच्या रक्तात साचून राही. शरीराला तिचा नीट उपयोग होत नसे. त्या काळी या रोगावर उपासमारीखेरीज फारसा इलाज नव्हता. १९२२ मध्ये क्रोग व्याख्यानांसाठी अमेरिकेस गेले असता, कॅनडातील टोरोंटो येथे सापडलेल्या इन्शुलिनची वार्ता त्यांच्या कानी आली. मारींच्या आग्रहावरून ते टोरोंटोला गेले आणि ते औषध तयार करण्याची परवानगी घेऊन परतले. डॉ. हागेडॉर्न यांच्यासह त्यांनी कोपनहेगनमध्ये इन्शुलिन तयार केले. १९२३ पासून ते रुग्णांना मिळू लागले. मारी त्यानंतर वीस वर्षे जगल्या.

१३ सप्टेंबर १९४९ रोजी क्रोग यांचे निधन झाले. १९६७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून तपासले. स्नायूंत साठलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आले की सायकल चालविणाऱ्यांचे पाय थांबत. पिष्टमय अन्न टाळलेली माणसे सुमारे तासाभरात थकली. ते भरपूर खाल्लेली तीच माणसे सुमारे पावणेतीन तास पॅडल मारीत राहिली.