शेठ वालचंद हिराचंद : व्यवस्थापनशास्त्राचे चालतेबोलते विद्यापीठ

भारतीय उद्योगाच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रपूजेचा मान घेते, ते उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. हे दिगंबर जैन घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापुरात आले आणि तेथेच स्थिरावले. पेढीवर कापसाचा व्यापार आणि सावकारी असे दोन व्यवहार चालत. अजिंठा-सिल्लोड परिसरातील व्यापारी कुटुंबांना या पेढीचे चित्र वेगळे रंगवून दाखविण्याची गरज नाही. तीच गादी, तीच खतावणी, तोच हंगामाकडे लागलेला डोळा आणि तीच वसुलीची चिंता.

शालेय शिक्षण संपवून वालचंदजी उच्च शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयात गेले, परंतु पदवी न घेताच त्यांना व्यवसायाकडे वळावे लागले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्यापाराचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेण्याची इच्छा त्या काळी एखाद्या तरुणाला झाली असती, तरी त्याने जावे कोठे? मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले १९१३ मध्ये. अमेरिकेतील सुप्रसिद्ध हार्वर्ड बिझनेस स्कूलदेखील १९०८ चे. म्हणजे वालचंदजींनी पुस्तके मिटली तेव्हा बी.कॉम. ही पदवीच येथे नव्हती, मग व्यवस्थापनाची पदवी कोठून असणार? जे शास्त्र अजून पाठ्यपुस्तकात उतरावयाचे होते, ते त्यांना थेट व्यवहाराच्या पाटीवर गिरवावे लागले.

घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. सावकारीत पैसा सुरक्षित असतो, पण नवे काही उभे राहत नाही, ही त्यांची खंत असावी. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. रेल्वेची कामे कशी निघतात, दर कसे भरावयाचे, मोजमाप कसे होते, हे त्यांना पाठ होते. पण भांडवल नव्हते. वालचंदजींकडे भांडवल उभे करण्याची ऐपत होती. पण कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या लहानशा टप्प्याचे काम घेतले. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते येणारा माणूस बरोबरीच्या नात्याने जवळ करणे, ही त्यांच्या पुढील आयुष्याची रीतच ठरली. आपल्याकडील अनेक पेढ्यांत जाणता माणूस जन्मभर मुनीमच राहतो. येथे तो भागीदार झाला, हा फरक लहान नाही.

येडशीच्या रुळांपासून सुरू झालेले हे काम वाढतच गेले. १९२० मध्ये त्यांचा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाला आणि त्या कंपनीच्या कारभाराची धुरा वालचंदजींकडे आली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरविणारी तानसा जलवाहिनी ही त्यांच्या बांधकामांपैकी सर्वांना ठाऊक असलेली नावे. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली.

मात्र वालचंदजींची खरी कसोटी लागली ती समुद्रावर.

पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले होते. युद्धकाळात त्याचा इस्पितळ म्हणून उपयोग झाला होता. या विक्रीची वार्ता वालचंदजींना रेल्वेप्रवासात कळली असे सांगितले जाते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह त्यांनी हे जहाज घेतले आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. पुढे १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

हिंदुस्थानचा किनारी व्यापार तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या आधिपत्याखालील ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. नव्या स्पर्धकाला बुडविण्याची त्यांची दोन शस्त्रे होती. पहिले म्हणजे भाडे एकदम पाडणे. दुसरे शस्त्र कोणत्याही कापड व्यापाऱ्याला चटकन उमगेल. माल पाठविणाऱ्याने ठरावीक मुदतीत सर्व माल केवळ त्यांच्याच जहाजांतून पाठविला, तर भरलेल्या भाड्यातील काही भाग त्याला नंतर परत मिळे. एक गासडी जरी दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर चढली तरी साठलेली सर्व सूट बुडे. गिरणीकडून वर्षाअखेरीस मिळणाऱ्या वटावासाठी व्यापारी कसा बांधला जातो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या युक्तीची धार कळेल. सिंदियाने भाडे आणखी उतरविले, तरीही ग्राहक सहजी येईना, कारण त्याचे आधीचे पैसे अडकलेले असत.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याची तयारीही दाखविली होती. त्या काळात आधीच्या अनेक स्वदेशी जहाज कंपन्या बुडालेल्या होत्या. भागधारकांचा पैसा धोक्यात होता. विकून मोकळे होणे हा हिशेबाने शहाणपणाचाच मार्ग होता. वालचंदजी आणि नरोत्तमशेठ यांनी तो नाकारला. मात्र १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्याने कंपनीची जहाजे किती टनांची असावीत याला मर्यादा घातली आणि तिला किनारी वाहतुकीपुरते कोंडून ठेवले. ज्या जहाजाने लंडनची वाट धरली होती, ते ‘लॉयल्टी’ त्याच वर्षी मोडीत निघाले. या कराराकडे स्वाभिमानाच्या दृष्टीने पाहिले तर तो पराभवच दिसतो. परंतु कंपनी जिवंत राहिली हे त्या कराराचे फळ होते, आणि बुडालेल्या कंपनीला पुन्हा लढता येत नाही. १९२९ मध्ये नरोत्तमशेठ यांच्या निधनानंतर वालचंदजी अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

या काळात जमिनीवरील उद्योगही वाढत होते. मालेगावजवळच्या रावळगावच्या माळरानावर ऊस उभा राहिला व १९३३ मध्ये साखर कारखाना सुरू झाला. पुढे तेथेच निघालेली रावळगावची गोळी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दुकानांच्या बरण्यांत पोहोचली, आणि वालचंदजींचे नावही न ऐकलेल्या पिढ्यांनी ती चघळली. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले. १९२७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्थाही येथे नमूद केली पाहिजे, कारण व्यापाऱ्याने एकट्याने सरकारदरबारी खेटे घालण्याचे दिवस संपले आहेत हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एकापाठोपाठ एक तीन प्रचंड कामांना हात घातला. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी निघाली. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. यांपैकी विमानांचा कारखाना १९४२ मध्येच सरकारने आपल्याकडे घेतला. जहाजांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. परंतु १९५२ मध्ये त्याचीही सूत्रे सरकारकडे गेली. स्वतः लावलेली झाडे दुसऱ्याच्या अंगणात गेलेली पाहणे त्यांच्या नशिबी आले.

त्यांच्या कारभारात उणिवा नव्हत्या असे म्हणणे हे त्यांच्यावरच अन्याय करण्यासारखे होईल. त्यांची कल्पना नेहमी भांडवलाच्या दोन पावले पुढे धावे. एक उद्योग पायावर उभा राहण्यापूर्वीच दुसऱ्याचा नकाशा तयार असे, आणि त्यातील कित्येक कामे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असत. ते सरकार परके होते तेव्हाही आणि आपले झाले तेव्हाही. रोजमेळ सांभाळणाऱ्या सावध व्यापाऱ्याला ही पद्धत मानवणार नाही. मात्र सावध व्यापाऱ्याने विमानांचा कारखाना काढला नसता, हेही तितकेच खरे.

१९४९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढील वर्षी ते निवृत्त झाले. धर्मपत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

पदवीविना गेलेल्या या श्रेष्ठींच्या नावाने पुढे पदव्या देणारी विद्यालये उभी राहिली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ मध्ये त्यांच्या नावाचे झाले. सोलापूरच्या श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय चालविले आणि १९८३ मध्ये वालचंद तंत्रशिक्षण संस्था काढली; त्याच संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय हिराचंद नेमचंद यांच्या नावाने चालते. व्यवस्थापनशास्त्राचे स्वतंत्र शिक्षणही देशात रुजले. १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत शेठ कस्तुरभाई लालभाई आणि डॉ. विक्रम साराभाई या दोन जैन घराण्यांतील धुरीणांचा मोठा वाटा होता. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही आज व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे, आणि अजिंठ्याच्या मुलाला या शिक्षणासाठी घाट उतरून फार दूर जावे लागत नाही. मुलाला गादीवर बसवावे की आणखी दोन वर्षे शिकू द्यावे, हा आपल्या घराघरांतील प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही.

अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डकडून जी अध्यापनपद्धती घेतली, तीत विद्यार्थ्याला एखाद्या व्यवसायाचा खरा प्रसंग देतात आणि मालकाच्या खुर्चीत बसवून निर्णय विचारतात. या पद्धतीला १९२३ च्या सिंदियाइतका साजेसा प्रसंग सापडणे कठीण. पाडलेले भाडे, अडकलेली सूट, भागधारकांचा पैसा, मोडीत निघणारे जहाज आणि समोर ठेवलेला दहा वर्षांचा करार, एवढे कागद टेबलावर असतात. सही करावी की करू नये, हे विद्यार्थ्याने कारणांसह सांगावयाचे असते.