प्रेस्पर एकर्ट : पेटंटच्या हक्कासाठी विद्यापीठ सोडणारा इंजिनिअर

कॉलेजच्या लॅबमध्ये बनवलेल्या गोष्टीचा मालक कोण? बनवणारा की कॉलेज? स्टार्टअप काढायला निघालेले मित्र हे विचारतात तेव्हा मला प्रेस्पर एकर्ट आठवतो.

एकर्टचा जन्म १९१९ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. तिथल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९४१ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि मास्टर्ससाठी तिथेच राहिला. त्या उन्हाळ्यात जॉन मॉकली हे फिजिक्सचे प्राध्यापक एका कोर्ससाठी तिथे आले. त्यांची लॅब घ्यायला होता एकर्ट, मॉकलींपेक्षा बारा वर्षांनी लहान! मॉकलींच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र होतं. ते बांधायचं कसं, हे एकर्टला कळत होतं.

१९४३ मध्ये तोफांच्या माऱ्याची कोष्टकं झटपट काढण्यासाठी लष्कराने पैसा दिला आणि २४ वर्षांचा एकर्ट ‘एनिॲक’चा चीफ इंजिनिअर झाला. यंत्रात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब. बल्बसारख्या त्याही उडायच्या, त्यामुळे यंत्र सलग चालेल यावर अनेकांचा विश्वासच नव्हता. एकर्टने ट्यूब त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी व्होल्टेजवर चालवल्या आणि त्या टिकल्या. त्याचं हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक जगासमोर आला. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने अट घातली: यापुढच्या शोधांचे हक्क आम्हाला लिहून द्या, नाहीतर निघा. एनिॲकचे हक्क दोघांनी आधीच लेखी मिळवले होते, भांडण पुढच्या कामाचं होतं. दोघांनी सही केली नाही, ३१ मार्चला बाहेर पडले. लॅब आणि माणसं विद्यापीठाची होती हे मान्य, पण काम चालू असताना नियम बदलणं मला पटत नाही.

मग दोघांनी कंपनी काढली. जनगणना खात्यासाठी ‘युनिव्हॅक’ बनवायचा होता, पण किंमत आधीच ठरलेली आणि खर्च वाढतच गेला. १९४९ मध्ये मुख्य गुंतवणूकदार विमान अपघातात गेला. १९५० मध्ये कंपनी रेमिंग्टन रँडला विकावी लागली. युनिव्हॅक मात्र पुढच्या वर्षी जनगणना खात्याकडे पोहोचला.

आता पेटंट. हक्क आपल्याकडे असणं वेगळं आणि पेटंट टिकणं वेगळं. अमेरिकेत तेव्हा शोध उघडपणे वापरात आल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागे. एनिॲकवर खरी गणितं डिसेंबर १९४५ पासूनच सुरू होती, आणि अर्ज गेला जून १९४७ मध्ये. (भारतात नियम आणखी कडक आहे. मोजके अपवाद सोडले तर अर्जाआधी शोध जाहीर झाला की पेटंट गेलंच. त्यामुळे टेकफेस्टमध्ये डेमो देण्याआधी अर्ज करा, आणि कॉलेजची आयपी पॉलिसीही वाचा.)

पेटंट १९६४ मध्ये मिळालं, पण हनीवेल कंपनी कोर्टात गेली आणि १९७३ मध्ये ते रद्द झालं. उशीर हे एक कारण. दुसरं म्हणजे, मॉकलींनी १९४१ मध्ये आयोवात जॉन अटॅनासॉफ यांचं यंत्र पाहिलं होतं आणि मूळ कल्पना तिथूनच आली, असं न्यायाधीशांनी ठरवलं.

एकर्ट मात्र त्याचं स्टार्टअप विकत घेणाऱ्या कंपनीतच राहिला. कंपनीची नावं बदलत गेली, शेवटी ती युनिसिस झाली. १९८९ मध्ये तो तिथूनच निवृत्त झाला आणि १९९५ मध्ये वारला. तोवर त्याच्या नावावर ऐंशीहून जास्त पेटंट जमली होती.