साथीचे सोने करणारे उस्ताद : अहमदजान थिरकवा

संत तुकाराम नगरातील आचार्य अत्रे रंगमंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग असला, की रसिकांची नजर गायक नटावर खिळलेली असते. ऑर्गनच्या पट्ट्यांवर फिरणारी बोटे आणि तबल्यावर पडणारी थाप यांच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ज्या संताचे नाव या वसाहतीने धारण केले, त्याच्या चौदा टाळकऱ्यांची नावे वारकरी परंपरेने निष्ठेने जपली आहेत. जवळच्या चाकणचे संताजी जगनाडे हे त्यांतलेच एक. ध्वनिमुद्रिकांच्या युगाने मात्र साथीदारांना एवढे औदार्य दाखवले नाही. तबकडीवर गायकाचे नाव ठळकपणे छापले जाई आणि साथ करणारा बहुधा अनामिक राही. या अनामिकतेतूनही ज्यांची थाप जाणकार कान ओळखू शकले, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव अग्रभागी आहे.

थिरकवा यांचा जन्म १८९२ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे, संगीताचा वारसा असलेल्या घराण्यात झाला. वडील हुसेनबक्ष सारंगीवादक होते. तबल्याचे प्राथमिक धडे घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळाले. पुढे मुंबईत वास्तव्य असलेले थोर तबलावादक उस्ताद मुनीर खाँ यांचे शिष्यत्व लाभले. मुनीर खाँ यांनी दिल्ली, फरुखाबाद, अजराडा अशा अनेक परंपरांची विद्या संपादन केली होती. ते सारे धन या शिष्याने वर्षानुवर्षांच्या कठोर रियाजाने आत्मसात केले. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी या मुलाची बोटे तबल्यावर जणू नाचताना पाहिली आणि त्याला थिरकवा म्हणण्यास प्रारंभ केला. ते कौतुकाचे संबोधनच पुढे आडनावासारखे नावाला चिकटले.

या उत्तर हिंदुस्थानी कलावंताला महाराष्ट्राने आपले मानले ते गंधर्व नाटक मंडळीमुळे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीत नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी रंगभूमीचे वैभव कळसाला नेले. भरजरी वस्त्रे आणि अत्तराचा दरवळ यांच्याइतकीच श्रीमंती त्यांनी साथसंगतीतही आणली. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा अशी जोडी मैफलींतही दुर्मीळ होती. येथे ती नाटकाच्या प्रेक्षकाला ऐकायला मिळू लागली. ‘स्वयंवर’ आणि ‘द्रौपदी’ या नाटकांच्या पदांना भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाने चाली दिल्या होत्या. त्या चालींना साजेशी साथही तोलामोलाचीच हवी होती.

येथेच थिरकवा यांच्या मोठेपणाची खरी कसोटी होती. कायदे, रेले, गती आणि तुकडे यांचा अफाट संग्रह हाताशी असलेला हा कलावंत एकट्याने तबला मांडू लागला, तर श्रोते तासन् तास तल्लीन होत. अशा वादकाने रोज रात्री नाटकातील पदांमागे साधा ठेका धरून बसावे, ही सोपी गोष्ट नव्हती. बालगंधर्वांचे गाणे लयीशी लाडिक खेळ करणारे होते. शब्द किंचित रेंगाळत ठेवावा, समेला हुलकावणी द्यावी आणि मग अलगद तिच्यावर येऊन विसावावे, ही त्यांची रीत. अशा गाण्यामागे तबलजीने आपली करामत दाखवायची ठरवली, तर पदाचा भाव तत्क्षणी विस्कटेल. थिरकवा यांनी ठेकाच असा भरदार, गोल आणि स्थिर ठेवला, की गायकाला त्याच्या आधाराने हवे तसे डोलता यावे. अवसर मिळताच एखादी छोटी लग्गी झळके आणि पुन्हा ठेका आपल्या जागी येई.

जुन्या ध्वनिमुद्रिकांत याची साक्ष मिळते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबणारे पद एवढ्याशा वेळात बसवायचे असे. १९२५ पूर्वीच्या यांत्रिक पद्धतीत गायकाला कर्ण्यासमोर गावे लागे आणि त्या कर्ण्यात डग्ग्याचा खर्ज फारसा उतरत नसे. पुढे विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि तबल्याचे नाद अधिक स्पष्ट झाले. खरखरीच्या आवरणाआडून येणारी चाटेची स्वच्छ आस आणि डाव्या हाताचा मुलायम घुमारा आजही मनाला भुरळ घालतो. थिरकवा यांच्या स्वतंत्र तबलावादनाच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. त्या ऐकून पुन्हा बालगंधर्वांच्या पदांकडे वळावे. हातात केवढे सामर्थ्य असताना या माणसाने केवढा संयम राखला, हे तेव्हा उमगते.

अशीच कथा सातासमुद्रापलीकडे स्पेनमध्येही घडत होती. तेथील फ्लामेंको संगीतात गिटार ही मूलतः गायकाची साथीदार. माद्रिदचे रामोन मोन्तोया यांनी आंतोनियो चाकोन या विख्यात गायकाला ध्वनिमुद्रिकांवर साथ केली आणि पुढे १९३६ मध्ये पॅरिसमध्ये स्वतंत्र गिटारवादन मुद्रित केले. देश निराळे, वाद्ये निराळी. परंतु गायकाच्या श्वासाबरोबर श्वास घेत घेत वाद्याला स्वतःचा आवाज गवसतो, हे सत्य एकच.

नाटक मंडळीचे वैभव ओसरल्यावर थिरकवा रामपूर दरबारात रुजू झाले. पुढे लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. तरीही महाराष्ट्राशी जडलेला स्नेह तुटला नाही. जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, निखिल घोष, भाई गायतोंडे अशा शिष्यांनी त्यांची विद्या या मातीत रुजवली. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गायकाच्या नावाने विकल्या गेलेल्या त्या तबकड्यांत साथीदाराचाही वाटा असतो, हे आपण सहसा विसरतो. संताजी जगनाड्यांनी टाळ धरला आणि तुकोबांचे अभंग लिहूनही ठेवले. साथ करणाराच मोलाचा ठेवा जपणारा ठरला. बालगंधर्वांचे पद पुन्हा कानी पडेल, तेव्हा एकदा सूर बाजूला ठेवून केवळ ठेक्याकडे कान द्यावा. तबकडीवर न छापलेले ते नाव तेथे ऐकू येईल.