कॉम्प्युटरमधल्या ‘इंटरप्ट’ला आधी घाबरले, मग त्यालाच शिस्त लावली! कोण होते एड्सगर डायक्स्ट्रा?

तुम्ही फोनवर रील बघताय. तेवढ्यात मेसेज येतो, बोट स्क्रीनला लागतं, कुणीतरी चार्जर जोडतं. प्रोसेसर दरवेळी हातातलं काम सोडतो, नव्या कामाकडे बघतो आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मध्येच येणाऱ्या या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. ती हाताळायचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. हे काम बिनचूक होईल याची खात्री कशी द्यायची, या प्रश्नाला सुरुवातीच्या काळात भिडलेल्या लोकांपैकी एक होते एड्सगर डायक्स्ट्रा. गंमत म्हणजे, इंटरप्टची कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते चक्क घाबरले होते.

प्रोग्रामर? हा काय व्यवसाय झाला?

डायक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात तरबेज. ते स्वतः लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होते. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा उन्हाळी कोर्स केला आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून लागले.

१९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ सांगितला. असा व्यवसायच नसतो म्हणत अधिकाऱ्यांनी तो नाकारला. शेवटी कागदावर ‘भौतिकशास्त्रज्ञ’ लागलं.

तीन महिने टाळाटाळ

त्याच सुमारास ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी ‘एक्स-वन’ नावाचा नवा कॉम्प्युटर तयार करत होते. अडचण अशी होती, की टाइपरायटर किंवा कागदी पट्टीवर भोकं पाडणारं यंत्र प्रोसेसरच्या मानाने फारच सावकाश चालायचं. ते काम उरकेपर्यंत प्रोसेसरने हात बांधून बसायचं का? त्यापेक्षा प्रोसेसरने आपली गणितं करत राहावी आणि काम झालं की यंत्रानेच हाक मारावी, असं दोघांनी सुचवलं.

डायक्स्ट्रांना धडकी भरली. तोवर कॉम्प्युटर विश्वासाचा होता. तोच प्रोग्राम, तीच माहिती दिली की तेच घडणार. चूक झाली तर ती पुन्हा घडवून पकडता यायची. इंटरप्ट मात्र कुठल्याही क्षणी येणार. एखादी चूक महिन्यातून एकदाच, एका विशिष्ट क्षणी दिसली आणि परत दिसलीच नाही, तर ती शोधायची कशी? त्यांनी निर्णय तीन महिने लांबवला. शेवटी सहकाऱ्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून तयार केलं.

खरी मेख इथे होती. तुम्ही आमटी करताय आणि दाराची बेल वाजते. परत आल्यावर मीठ घातलं होतं की नाही, हे आठवलं नाही तर आमटी बिघडली. प्रोसेसरचंही तसंच. काम सोडताना त्याची नेमकी स्थिती जपून ठेवायची आणि परतताना जशीच्या तशी मांडायची. आहे त्या रचनेत हे प्रत्येक वेळी जमणारच नाही, हे डायक्स्ट्रांच्या लक्षात आलं. मग हार्डवेअरची रचनाच बदलली गेली. त्यानंतर त्यांनी अशी पद्धत बसवली, जी कायम बरोबर चालेल हे सिद्ध करून दाखवता येत होतं. याच कामावर १९५९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

इंटरप्टची जागा तळमजल्यावर

१९६२ मध्ये ते आइंडहोवनला प्राध्यापक झाले. तिथं मोजक्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘टीएचई’ ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली, अगदी मजल्यांसारखी. इंटरप्टची धावपळ सगळ्यात खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यांवरच्या प्रोग्रामना ती दिसतच नाही. प्रत्येकाला वाटतं, प्रोसेसर आपल्याच मालकीचा आहे.

एकाच वेळी अनेक कामं चालू असताना त्यांची टक्कर होऊ नये, म्हणून त्यांनी ‘सेमाफोर’ आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. एकेरी रुळावर एक गाडी असेल तर दुसरीने थांबायचं, रूळ मोकळा झाला की निघायचं. या सिस्टिमवरचा त्यांचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या लिनक्स कर्नलमध्येही सेमाफोर याच नावाने आहे.

भीती गेली नाही, कामाला आली

मॅपमध्ये जवळचा रस्ता शोधण्याच्या संदर्भात ज्यांच्या अल्गोरिदमचं नाव घेतलं जातं, तेही हेच डायक्स्ट्रा. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात गेले. लिहून लोकांना पाठवलेली त्यांची टिपणं तेराशेच्या वर आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनन इथं कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

नुसत्या चाचणीवर विसंबू नका, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. चाचणी हजार वेळा पास होईल, पण ज्या क्षणी घोळ होतो तो क्षण त्या हजारांत येईलच याची खात्री काय? कार असो की आयसीयूमधलं मशीन, इंटरप्ट आज सगळीकडे आहेत. तिथं तो एक क्षण चुकला तर ‘रीस्टार्ट करून बघा’ म्हणायची सोय नसते. डायक्स्ट्रा १९५७ मध्ये घाबरले होते ते नेमके याच क्षणाला.