मातीचे दुखणे ओळखणारे शास्त्रज्ञ : युजीन हिल्गार्ड

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सनीव्हेल हे शहर आज संगणकाच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. भारतातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र सनीव्हेलची ओळख निराळी होती. सांता क्लारा खोऱ्यातील हे लहानसे गाव जर्दाळू, चेरी आणि आलुबुखाराच्या बागांनी वेढलेले होते. कॅलिफोर्नियाची शेती ज्यांच्या अभ्यासामुळे शास्त्राच्या पायावर उभी राहिली, त्या युजीन वोल्डेमार हिल्गार्ड यांचा परिचय आज आपण करून घेऊ. त्यांच्या कार्याचा संबंध आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्राशीही पोहोचतो.

हिल्गार्ड यांचा जन्म ५ जानेवारी १८३३ रोजी जर्मनीतील त्स्वाइब्र्युकेन या गावी झाला. वडील न्यायाधीश होते व उदार मतांचे होते. मायदेशातील राजवटीशी त्यांचे पटले नाही, म्हणून १८३६ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत येऊन इलिनॉय राज्यात त्यांनी शेती सुरू केली. मुलांना त्यांनी घरीच शिकविले. लहानपणी हिवतापाने युजीनची प्रकृती खालावली आणि डोळ्यांनाही त्रास झाला. तरीही उच्च शिक्षणासाठी ते युरोपात परत गेले आणि १८५३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टर झाले. पुढे प्रकृतीसाठी स्पेनमध्ये राहिले असता त्यांची हेसुसा बेल्यो यांच्याशी ओळख झाली व १८६० मध्ये दोघांचा विवाह झाला.

१८५५ मध्ये हिल्गार्ड यांना मिसिसिपी राज्याच्या भूगर्भ पाहणीचे काम मिळाले. तेथे हिंडताना खनिजांपेक्षा त्यांचे लक्ष मातीकडे अधिक वेधले गेले. वर्षानुवर्षे एकच कापसाचे पीक घेऊन जमिनीचा कस गेला होता, पावसाने उतारांवर घळी पडल्या होत्या आणि शेतकरी जुनी शेते टाकून नव्या जमिनीकडे जात होते. १८६० च्या आपल्या अहवालात त्यांनी या नासाडीबद्दल स्पष्ट इशारा दिला. रानात आपोआप उगवणाऱ्या झाडांवरून जमिनीची प्रत ओळखण्याची शेतकऱ्यांची रीत त्यांनी तुच्छ मानली नाही. तिला रासायनिक परीक्षणाची जोड देऊन त्यांनी तिचे शास्त्र बनविले.

१८७५ मध्ये ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेतकीचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाने नांगर धरायला शिकवावे, प्रयोगशाळा कशाला हवी, अशी शेतकऱ्यांच्या संघटनांची तक्रार होती. हिल्गार्ड यांनी वाद घालत न बसता गावोगावी जाऊन व्याख्याने दिली. शेतकऱ्यांनी पाठविलेले मातीचे व पाण्याचे नमुने ते तपासून देत. सनीव्हेलला लागून असलेल्या क्युपर्टिनो येथील एका मळ्यात त्यांच्या देखरेखीखाली द्राक्षांच्या जातींचे प्रयोग चालत.

त्यांची सर्वांत मोठी कामगिरी खारवट जमिनीविषयीची आहे. कोरड्या भागात पाट काढले की आरंभी पिके जोमाने येत. काही वर्षांनी मात्र शेतात पांढरे पापुद्रे दिसू लागत, कोठे काळे डाग पडत आणि पीक करपून जाई. हिल्गार्ड यांनी याचे कारण समजावून सांगितले. पाणी जास्त झाले व त्याला वाट मिळाली नाही, तर जमिनीखालची पातळी वर चढते. ते पाणी आपल्याबरोबर खालचे क्षार आणते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वरच राहतात. आपल्या तामारिनच्या मिठागरात मीठ जमे ते याच नियमाने.

काळे डाग पडतात ते धुण्याच्या सोड्यामुळे, हेही त्यांनी दाखविले. त्यावर त्यांनी जिप्समचा उपाय सांगितला. जिप्सममुळे या सोड्याचे कमी घातक क्षारात रूपांतर होते. पण तो क्षार धुऊन बाहेर काढण्यासाठी चर हवेतच, असे त्यांचे सांगणे होते. तुलारे येथे त्यांनी मुद्दाम खराब जमीन घेऊन हे प्रयोग केले.

उत्तर भारतात कालव्यांच्या आसपास ‘रेह’ फुटून जमिनी ओसाड झाल्या होत्या. तेथील सरकारी अहवाल हिल्गार्ड यांनी अभ्यासले आणि १८८६ च्या सुमारास भारताचे उदाहरण देऊन कॅलिफोर्नियाला सावध केले. दैवदुर्विलास असा की, त्याच सुमारास, १८८५ मध्ये, पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा सुरू झाला होता. बारामतीकडे उसाचे मळे पिकू लागले, शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला आणि काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ व चोपण होऊ लागल्या. पुणे शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. आजही सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या अनेक शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा आहे.

हवामान आणि माती यांचे नाते सांगणारा हिल्गार्ड यांचा ग्रंथ १८९२ मध्ये निघाला. भरपूर पाऊस जमिनीतील क्षार धुऊन नेतो, कोरड्या भागात ते तेथेच साठतात, हे त्याचे सार. वाक्वाचा पाऊस आणि रिव्हियेर न्वारचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे सहज पटेल. १९०६ मध्ये त्यांचा ‘सॉइल्स’ हा मोठा ग्रंथ आला. ८ जानेवारी १९१६ रोजी बर्कली येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील एका इमारतीला त्यांचे नाव दिलेले आहे.

त्यांच्या मागे सांता क्लारा खोऱ्यात उलट प्रकारची चूक घडली. बागा आणि शहरे यांसाठी विहिरींतून इतका उपसा झाला की जमीनच खचली. सनीव्हेलजवळच्या सॅन होजे शहरात १९१० ते १९७० या काळात ती सुमारे ४ मीटर खाली गेली. बाहेरून पाणी आणून आणि भूगर्भात पाणी मुरवून ते खचणे थांबविण्यात आले, पण खचलेली जमीन पुन्हा वर आली नाही.

वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी या बेटावर दगड वेचून उसाची शेते तयार केली. त्या जमिनीचा तुकडा आज ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हिल्गार्ड यांची शिकवण ध्यानात ठेवावी. शेतात पाणी आणण्यापूर्वी ते बाहेर कोठून जाणार हे पाहावे आणि वर्षातून एकदा तरी मातीची तपासणी करून घ्यावी. नीरेच्या काठी ही काळजी वेळेवर घेतली असती, तर कित्येक कुटुंबांच्या जमिनी वाचल्या असत्या.