पी. बाळू : मैदानातले आणि मैदानाबाहेरचे

क्रिकेटचा विषय निघाला की आमच्या वर्गात गावसकर श्रेष्ठ की तेंडुलकर, यावर तास न् तास वाद रंगतो. परंतु या दोघांच्याही कितीतरी आधी ज्यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे गोरे साहेब चाचपडत होते, त्या पालवणकर बाळूंचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून मित्रहो, हा अल्प परिचय.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर ही भावंडे खेळ शिकली. शाळा लवकरच सुटली. पारशी मंडळींच्या मैदानावर दरमहा तीन रुपयांवर बाळू खेळपट्टी झाडू लागले, रोलर ओढू लागले. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात लागले. पगार चार रुपये. तेथे जाळी बांधण्याचे काम करता करता ते साहेबांना गोलंदाजी टाकू लागले. ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तास न् तास चेंडू टाकत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मात्र एकाही साहेबाने त्यांच्या हाती कधी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम. ते चाकराने करावे, फलंदाजी साहेबांनी!

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंवाचून ते जमेना. काही सवर्ण खेळाडूंचा विरोध असतानाही अखेर त्यांना संघात घ्यावे लागले. मैदानात ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, तोच चेंडू सर्वजण झेलत. परंतु चहाची वेळ झाली की इतरांचा चहा आत चिनी मातीच्या कपात, आणि बाळूंचा मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे.

हे वाचले तेव्हा मला माझ्या आजोबांची आठवण झाली. तरुणपणी बाजारच्या दिवशी एका हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे आणि चहा पिऊन ती स्वतःच विसळून ठेवावी लागे. आजोबा बाळूंसारखे चेंडू टाकणारे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी कोणाचेच काही अडले नाही.

पुढे बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरी करून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊही नामांकित खेळाडू झाले.

इतके होऊनही कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. अस्पृश्याच्या हुकुमाखाली खेळायचे कसे? १९२० साली बाळूंना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघ सोडला. पुढच्याच सामन्यात बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

नंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांची ही भूमिका मला पटत नाही. परंतु तेवढ्यावरून त्यांचे सारे आयुष्य पुसून टाकणे हाही अन्यायच होईल. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

बाळूंना संघात घेतले, कारण संघाला बळी हवे होते. त्यांना कर्णधार करण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. गुण अंगी असले की दार उघडते, असे आपल्याला शिकवतात. बाळूंच्या बाबतीत दार उघडले ते चेंडू टाकण्यापुरते. त्यापुढची जागा भावांना संघ सोडून, भांडून मिळवावी लागली. आमच्या झरीसारख्या गावांतून, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली आपण मुले आज वर्गात बसलो आहोत. नुसता प्रवेश मिळाला यावर समाधान मानायचे का, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.